रेनकोटाला करडीचं तेल

मे सरत आला की माझ्या घरी कुरिअरने एक जॅकेट येतं. माझी मुलगी प्रज्ञा पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. पावसाळ्याच्या तोंडावर ती आपलं निळं जॅकेट धुवायला नांदेडला माझ्याकडे पाठवते. पुण्यात लाँड्र्या नाहीत असं नाही. पण तिथल्या एका लाँड्रीवाल्यानं ते नेहमीच्या पावडरीत घुसळलं, वर सुवासिक पाणी लावलं, छान घडी घालून दिलं, आणि पुढच्याच ट्रेकला बाईसाहेब बनियनपर्यंत भिजल्या. तेव्हापासून तिचा विश्वास फक्त माझ्यावर. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. लेबल वाचल्याशिवाय मी औषधाची बाटलीसुद्धा हलवत नाही, हे तिला माहीत आहे.

या जॅकेटाचं लेबल म्हणजे एक धडाच आहे. आतल्या शिवणीत बारीक चित्रं छापलेली. पावडर नको, पातळ साबण घ्या. चेन लावूनच धुवा. पिळू नका. दोनदा खळबळून काढा, साबणाचा अंश राहिला तर तोच पाणी ओढून घेतो. वाळल्यावर हलकी ऊब द्या, म्हणजे कापडावरचा पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो. हे सगळं मी दरवर्षी नव्याने वाचते आणि दरवर्षी मला त्याची मौज वाटते. आतल्या पडद्याला म्हणे इतकी बारीक छिद्रं असतात की घामाची वाफ बाहेर जाते, पण पावसाचा थेंब आत येऊ शकत नाही. सगळं झाल्यावर मी बाहीवर चमचाभर पाणी सोडते. थेंब गोळ्या होऊन घरंगळले की मी पास. यंदाही बादलीतलं दुसरं पाणी कुंड्यांना घातलं, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचा काही भरवसा नाही, आणि जॅकेट सावलीत हँगरला लावलं.

तेवढ्यात प्रज्ञाचा फोन. "मम्मी, कॉलर नीट बघ हं. मानेचं तेल, सनस्क्रीन, हेच आतल्या थराला खातं. तेल म्हणजे वॉटरप्रूफचा दुश्मन."

"तेलाचं मला नको शिकवूस," मी म्हटलं. "तेलानं कोट कसा जातो ते मी अकराव्या वर्षी पाहिलंय."

"कुठे?"

"चाकूरच्या अलीकडे, तुझ्या आजीचं आरोग्य सेंटर होतं त्या गावात."

ती हसायला लागली. "तिथे रेनकोट? पाऊस तरी पडायचा का?"

"नव्हता पडत," मी म्हटलं, आणि मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला. मी मात्र त्या ओल्या जॅकेटासमोर खुर्ची ओढून बसले ती बसलेच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. लोकांच्या जिभेला अजून सवय नव्हती. कुणी 'जिल्ह्याला चाललो' म्हणालं की समोरचा विचारायचा, 'कोणत्या? जुन्या का नव्या?' मायला, म्हणजे माझ्या आईला, येणाऱ्या सरकारी कागदांवर उस्मानाबादचा जुना शिक्का असायचा, त्यावर निळ्या पेनने काट मारून शेजारी हाताने 'लातूर' लिहिलेलं. मला ते फार आवडायचं. एक अख्खा जिल्हा असा पेनने बदलता येतो, याचं नवल वाटायचं. गावात मात्र बदल म्हणावा तर एकच होता, की आड, विहिरी, ओढा, सगळं एका रंगाचं झालं होतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तिसऱ्याचीही लक्षणं बरी दिसत नव्हती. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा.

माय तिथे नर्स होती. सुया, बाळंतपणं, वाड्यावस्त्यांवर फेऱ्या. गाव तिला सिस्टरबाई म्हणायचं. वडील मुखेडकडे शाळामास्तर, ते शनिवारी एसटीने यायचे. आमच्या घराण्यातली सरकारी नोकरीतली ती पहिली बाई, आणि नोकरी अजून कच्ची होती. कायम व्हायचं तर जिल्ह्याहून साहेब येणार, सगळं पाहणार, शेरा लिहिणार. त्या शेऱ्याची गोष्ट आमच्या घरात रोज निघायची. माय भाकरी थापतानाही कधी कधी मध्येच म्हणायची, "येकदा कायम झाले ना पोरी, मग बघ," आणि पुढे काय बघायचं ते सांगायची नाही.

सेंटरला इमारत नव्हती. दवाखाना आणि आमचं बिऱ्हाड दोन्ही बापूंच्या माळवदाच्या घरात, पुढच्या दोन खोल्यांत. बापू म्हणजे घरमालक, साठीचा शेतकरी, गावातल्या मोठ्या घरचा माणूस. आम्ही बौद्ध. त्या आळीत आम्हाला खोली द्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, बापूंनी दिली. 'सरकारी बाई हाय, गावाच्या कामाची हाय,' एवढंच कारण सांगितलं. पण घर ते घर. सुरुवातीचे कित्येक महिने त्यांच्या घरच्या बायका आमच्या घागरीत पाणी ओतायच्या ते हातभर वरून. धार बरोबर तोंडात पडायची, एक थेंब सांडायचा नाही. मला तेव्हा वाटायचं, किती नेम आहे यांचा! ते तसं का ओततात हे मायने सांगितलं नाही आणि मीही बरेच दिवस विचारलं नाही.

अशा त्या दुष्काळात, ऐन जूनच्या तोंडावर, नव्या जिल्ह्याने मायला रेनकोट पाठवला. गोणपाटात बांधलेलं सामान आलं. स्टोव्ह, बाळं तोलायचा काटा, बाळंतपणाची पेटी आणि सगळ्यात खाली तो कोट. बाहेरून खाकी, आतून काळं रबर. उघडला तसा सायकलच्या ट्यूबचा वास खोलीभर पसरला. त्याच्यासोबत ना लेबल, ना चिठ्ठी. अंगात घालायचा एवढं सगळ्यांना कळलं, बाकी कसा धुवायचा, कसा ठेवायचा, घडी घालायची की टांगायचा, कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे पावसासाठी घोंगडं असायचं नाहीतर पोत्याची खोळ. त्यांना सांभाळायचं ते काय?

गावाने दोन दिवस करमणूक करून घेतली. "सिस्टरबाई, सरकारला म्हणावं कोट पोचला, आता पाऊस धाडा," असं येणाराजाणारा म्हणायचा. कुणी म्हणे, टँकरखाली उभं राहून घाला. मायही हसायची. पण तिने त्याच्यासाठी खुंटीवर बाभळीची काठी आडवी बांधली, खांदे मोडू नयेत म्हणून. आणि मला ताकीद दिली की हे सरकारचं आहे, आपलं नाही.

मला मात्र एकच ध्यास लागला होता. यातून खरंच पाणी आत जात नाही का? हे तपासायला पाणी हवं, आणि पाणी कुठलं आणणार? मी भांडी विसळलेलं पाणी चोरून वाटीत ठेवलं होतं. ते घेऊन कोटाजवळ गेले तर बापूंनी पाहिलं.

"काय करून राहिलीस गं?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते आत गेले आणि आपल्या प्यायच्या तांब्यातलं पाणी घेऊन आले. खाली परात ठेवली, वर बाही ताणून धरायला मला सांगितलं आणि बारीक धार सोडली. पाणी बाहीवरून पळत परातीत पडलं. बापूंनी बाहीत हात घालून पाहिला, मग मला घालायला लावला. आत कोरडं ठणठणीत.

"आक्शी मोटंवाणी हाय की!" बापू म्हणाले. "मोट पाणी आत धरती, ह्यो भाईर धरतो. काम येकच." परातीतलं पाणी त्यांनी वासराला पाजलं.

बापूंची मोट हा एक वेगळाच विषय होता. विहिरीतून बैलांकडून पाणी ओढायची चामड्याची मोट. गावात बऱ्याच जणांकडे इंजिनं आली होती, बापूंनी मोट सोडली नव्हती. आता विहीर तळाला लागून वर्ष झालं होतं आणि मोट गोठ्यात आढ्याला टांगलेली होती. तरी दर अमावस्येला बापू ती खाली काढायचे, मांडीवर घ्यायचे आणि कोमट करडीच्या तेलाने चोळायचे. शिवणीत, घड्यांत, सोंडेत, बोटाने तेल जिरवायचे. मी विचारलं होतं, "पाणी नाही तर तेल कशाला?" ते म्हणाले होते, "पाणी न्हाई म्हणूनच. भिजत ऱ्हायली तर चामडं आपसूक नरम ऱ्हातं. कोरड्या सालात तडकतं. पाणी आलं त्या दिवशी मोट फाटकी निघाली म्हंजी?"

हे इतकं पटण्यासारखं होतं की आजही पटतं. चामड्याच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे.

मग एक दिवस माय लातूरला प्रशिक्षणाला गेली, सकाळच्या एसटीने. ती अमावस्या होती. बापूंनी मोटेचं उरकलं, वाटीत तेल उरलं होतं. त्यांची नजर आमच्या खुंटीकडे गेली. दारातून ऊन थेट कोटावर येत होतं.

"उनात लटकून लटकून चिरा पडतील त्याला. आण इकडं," ते म्हणाले.

मी आणला. बापूंनी तो मांडीवर घेतला. बाहेरून खाकीला नाही, आतल्या काळ्या रबराला, अगदी मन लावून, तळहाताने गोल गोल तेल चोळलं. मी बाह्या धरून बसले होते. काखेतली शिवण त्यांनी दोनदा चोळली, 'हितंच फाटत असतंय' म्हणून. कोट असा चमकायला लागला की मला आमच्या घरात काहीतरी राजेशाही आल्यासारखं वाटलं. आमची एखादी वस्तू बापूंच्या मांडीवर आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मायच्या आलं. संध्याकाळी आल्यावर मी सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा तेच विचारलं, "मांडीवर घेतला?"

चार-पाच दिवस चकाकी टिकली. बापू येताजाता बघायचे आणि खूष व्हायचे. मग एका दुपारी मायने कोट काढायला हात घातला तर बाही कोटाच्या अंगाला चिकटलेली. ओढली तर गुळाच्या पाकासारख्या तारा निघाल्या. रबर फुगलं होतं, मऊ पडलं होतं, बोट लावलं तर बोटाचा ठसा उठत होता. भिंतीवर मागे काळा डाग.

माय कोट वर्तमानपत्रात गुंडाळून चाकूरला घेऊन गेली, मलाही सोबत नेलं. स्टँडजवळ एक पंक्चरवाला बसायचा. रबर कळणारा माणूस म्हणून दुसरा कोण आठवणार? त्याने उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"तेल लावलं का काय बाई? रबराला तेल म्हंजी इख! रबर पाणी पीत न्हाई, पण तेल पितं. पिऊन पिऊन फुगतं आन् मग गळतं." त्याने आपल्या ट्यूबा दाखवल्या. पांढरी भुकटी लावून, सावलीत, सैल गुंडाळून ठेवलेल्या. "शंखजिरं लावायचं. ऊन न्हाई, तेल न्हाई, घडी न्हाई. बस."

"आता काही उपाय?" मायने विचारलं.

"आता किती बी पावडर मारा. गेलं ते गेलं."

माझ्यातला विज्ञानशिक्षक बहुधा त्या पंक्चरच्या दुकानात जन्मला. चामडं तेल पिऊन जगतं आणि रबर तेल पिऊन मरतं! दोन्ही पाणी अडवतात, मग हा फरक का? परतीच्या एसटीत मी मायला हेच विचारत राहिले. ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी प्रयोग सुरू केले. चुलीतली राख चोळली, ती आत बसली आणि कोट करडा झाला. ज्वारीचं पीठ लावलं, त्याचा चिखल झाला, वर मुंग्या लागल्या. शेवटी पंक्चरवाल्याने पुडीत दिलेलं शंखजिरं लावलं, त्याने दोन दिवस जरा बरं वाटलं, मग पुन्हा चिकटलं. माझी हौस चालू होती आणि मायची झोप उडाली होती, हे मला उशिरा कळलं.

एकदा मी म्हणाले, "आपण बापूंना सांगू या का, की आमच्या वस्तूला हात लावायचा नव्हता?"

मायने हातातलं काम थांबवलं. "हे बग पोरी. हात लावू नका, हे आपल्या माणसांनी जलमभर आयकलंय. माज्या बापानं आयकलं, म्या शाळंत आयकलं. ते वाक्य मी कुणाला म्हणायची न्हाई. कोट गेला तर जाऊ दे." मग थोड्या वेळाने, आवाज उतरवून, "नोकरी नको जायला म्हंजी झालं."

बापू रोज विचारायचे, "कोट दिसंना सिस्टरबाई?" माय म्हणायची, "ट्रंकंत ठेवलाय बापू, धूळ लई हाय." बापूंना ते पटायचं. जपणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता.

साहेब आले ते जुलैत. आभाळ तसंच कोरडं. जीप बापूंच्या दारात थांबली, म्हणून ढेळजेत, दाराच्या आतल्या ओट्यावर, गावातली चार माणसं येऊन बसली, बापूही बसले. साहेबांनी स्टोव्ह पाहिला, काटा पाहिला, पेटी उघडून पाहिली. मान हलवत होते. मग म्हणाले, "आणि कोट?"

मायने ट्रंक उघडली. साहेबांनी कॉलरला धरून कोट उचलला आणि त्यांची बोटं चिकटली. ते रुमालाने बोटं पुसत राहिले.

"हे काय आहे?"

"माझ्याकडनं तेल लागलं साहेब. मला माहीत नव्हतं."

"तेल? पाऊस नाही, पाणी नाही, एक दिवस वापरला नाही आणि ही दशा? शिकलेल्या ना तुम्ही?" त्यांनी पेन काढलं आणि मोठ्याने बोलत लिहायला लागले. "निष्काळजीपणा..."

मी मायकडे पाहिलं. ती सरळ उभी होती, पण पदराचं टोक मुठीत धरलेलं.

ढेळजेतून बापू उठले. आधी कोटापाशी आले, त्याला हात लावून पाहिला, आपल्या बोटांकडे पाहिलं. तोवर त्यांना काही माहीत नव्हतं. "तेल त्यांनी न्हाई लावलं," ते म्हणाले. "म्या लावलं."

साहेब हसले. "बापू, तुम्ही मोठ्या घरची माणसं. कशाला यांचं आपल्या अंगावर ओढून घेता? यांचा कोट तुम्ही कशाला हातात घ्याल?"

ढेळजेतल्या चारही माणसांनी बापूंकडे पाहिलं. खरं तर साहेबांनी त्यांना सुटायला वाट करून दिली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"घेतला की," बापू म्हणाले. "मांडीवर घेतला. मोटंला लावतो तसं लावलं. ही पोरगी बाह्या धरून हुती, विचारा तिला."

मी मान हलवली. साहेबांचं पेन थांबलं. ते म्हणाले, "मग तसं लिहून द्या."

बापूंना लिहिता येत नव्हतं. वही माझी, पेन साहेबांचं. साहेब सांगत गेले आणि मी माझ्या सहावीच्या अक्षरात लिहीत गेले. झाल्यावर बापू म्हणाले, "वाच."

मी वाचलं. "सिस्टरबाईंच्या सरकारी कोटास मी चुकून हात लावला व त्यास तेल लावले."

"चुकून काट," बापू म्हणाले.

साहेब म्हणाले, "अहो, ते तुमच्याच सोयीचं आहे."

"न्हाई साहेब. तेल लावलं ती चूक झाली, ती लिवा. हात जाणून लावला. हात लावला ती चूक न्हाई."

मी 'चुकून' हा शब्द खोडला, आणि तेलापुढे 'ही माझी चूक' असं लिहिलं. साहेबांनी आपल्या कागदावरच्या निष्काळजीपणावर रेघ मारली. बापूंनी अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत धरून ठेवला, कारण शिक्क्याच्या शाईची डबी दवाखान्यातली, मायच्या हातात होती. माय पुढे झाली. नोंदवहीसाठी बाळंतिणींचा धरायची तसाच तिने त्यांचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. शाई धुण्याइतकं पाणी तेव्हा गावात कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे ती त्यांच्या अंगठ्यावर आणि मायच्या दोन बोटांवर पुढे बरेच दिवस होती.